इच्छेचं क्रियापद

स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या ग्रंथालयात जांभळ्या चर्मपत्रावर चांदीच्या शाईने लिहिलेली एक पोथी जपून ठेवली आहे. तिचं नाव ‘कोडेक्स आर्जेंटियस’, म्हणजे रुपेरी पोथी. सहाव्या शतकाच्या सुरुवातीला, बहुधा इटलीत रावेन्ना इथे, गॉथ राजा थिओडोरिकच्या काळात ती तयार झाली. १६४८ मध्ये स्वीडिश सैन्याने प्राग लुटलं तेव्हा लुटीबरोबर ती उत्तरेला गेली. मूळच्या ३३६ पानांपैकी १८७ पानं आज उप्सालात आहेत. आतला मजकूर पोथीहूनही जुना आहे. चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या बिशपने बायबलचं गॉथिक भाषेत भाषांतर केलं आणि त्यासाठी ग्रीक अक्षरांच्या आधाराने एक लिपीही घडवली. इंग्लिश, जर्मन, डच, स्वीडिश, आइसलँडिक या ज्या जर्मनिक कुळातल्या भाषा, त्या कुळातला इतका मोठा सलग मजकूर याहून जुना दुसरा नाही. गॉथिक भाषा पुढे नामशेष झाली. ती आजच्या या भाषांची आई नव्हे, मावशी.

या पोथीच्या भाषेत ‘हवं असणं’ या अर्थी जे क्रियापद आहे, त्याची एकवचनी रूपं अशी: ‘विल्याउ’, ‘विलीस’, ‘विली’. मला हवं, तुला हवं, त्याला हवं. इंग्लिश, जर्मन, डच, डॅनिश आणि स्वीडिश या पाचही भाषांतलं ‘विल’ हे याच घराण्यातलं. या घराण्याची एक जुनी खोड आहे. गॉथिकमध्ये ‘तो घेतो’ म्हणायचं तर ‘निमिथ’. शेवटचा ‘थ’ तृतीय पुरुषाचा. ‘विली’ला मात्र तो ‘थ’ नाही. जर्मनमध्ये ‘एर निम्ट’ला शेवटी ‘ट’ लागतो, ‘एर विल’ला लागत नाही. इंग्लिशमध्ये ‘ही टेक्स’ला ‘स’ लागतो, ‘ही विल’ला लागत नाही. आपल्याकडे शाळेत मुलं हा अपवाद पाठ करून पुढे जातात, पण तो का आहे हे कुणी सांगत नाही. त्याचं कारण वुल्फिलाच्याही आधीच्या काळात आहे.

ते कारण सापडायला संस्कृतची मदत झाली. १८१६ मध्ये फ्रांत्स बॉप याने संस्कृत, ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मनिक भाषांतल्या क्रियापदांची रूपं शेजारी शेजारी मांडणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. तिथून तुलनात्मक व्याकरणाची शिस्त उभी राहिली आणि एकोणिसाव्या शतकात ‘विली’चं कोडं उलगडलं. संस्कृत शिकलेल्या कोणालाही विधिलिङ् ठाऊक असतो: ‘स्यात्’, ‘कुर्यात्’, ‘विद्यात्’. एखादी गोष्ट घडते आहे असं न सांगता ती घडावी, घडली तर बरं, असं सांगणारी ही रूपं. गॉथिकचं ‘विली’ हे साधं वर्तमानकाळाचं रूप नाहीच. ते या इच्छार्थी रूपांच्या गोत्रातलं आहे. लॅटिनमध्ये त्याचा सख्खा जोडीदार सापडतो: ‘वेलिम’, ‘वेलीस’, ‘वेलित’. गॉथिक ‘विलीस’ आणि लॅटिन ‘वेलीस’ देवनागरीत एकाखाली एक लिहिले तरी नातं डोळ्यांना दिसतं.

लॅटिनमध्ये दोन्ही पर्याय शिल्लक होते. ‘वोलो’ म्हणजे ‘मला हवं आहे’, आणि ‘वेलिम’ म्हणजे ‘जमत असेल तर मला हवं होतं’. पहिलं रोखठोक, दुसरं अदबीचं. जर्मनिक बोलणाऱ्यांच्या पूर्वजांनी यातलं रोखठोक रूप टाकून दिलं आणि अदबीचं तेवढं ठेवलं. मग पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापराने त्या अदबीच्या रूपाचा मऊपणा गेला आणि तेच रोजचं साधं ‘मला हवं’ होऊन बसलं. ‘ही विल’ला ‘स’ लागत नाही तो यामुळे. ‘कॅन’, ‘मे’, ‘शॅल’ यांनाही ‘स’ लागत नाही, पण त्यांची वाट वेगळी आहे: ती भूतकाळी रूपं वर्तमानात येऊन स्थिरावलेली आहेत. ‘विल’ आलं ते इच्छेच्या दारातून.

या सगळ्या शब्दांचा धातू मराठी वाचकाला परका नाही. इंडो-युरोपीय मूळ भाषेतल्या ज्या धातूपासून लॅटिन ‘वोलो’ आणि जर्मनिक ‘विल’ आले, त्याचंच संस्कृत रूप ‘वृ’, म्हणजे निवडणं. ‘वरणं’, ‘वर’, ‘स्वयंवर’ हे सगळे त्याचे. जर्मनमध्ये निवडण्याला आजही ‘वेलेन’ म्हणतात, आणि तेही याच मुळातून आलेलं. म्हणजे या भाषांत इच्छेची कल्पना निवडीशी जोडलेली दिसते: समोरच्यातलं एक पसंत करणं. इंग्लिश ‘विश’ आणि जर्मन ‘वुन्शेन’ यांचं नातं संस्कृतच्या ‘वाञ्छा’शी लावलं जातं. इच्छेचे इतके जुने शब्द दोन टोकांच्या भाषांनी टिकवून ठेवले, ही गोष्ट विलक्षणच म्हटली पाहिजे.

इंग्लंडमध्ये या क्रियापदाचं नशीब वेगळंच निघालं. अँग्लो-सॅक्सन काळात ‘विल्ल’ म्हणजे सरळ ‘माझी इच्छा आहे’. मरणोत्तर मालमत्तेची व्यवस्था लिहून ठेवताना माणूस याच क्रियापदाने आपली इच्छा सांगे. नवव्या शतकातल्या आल्फ्रेड राजाचं असं इच्छापत्र आजही उपलब्ध आहे. पुढे हा दस्तऐवजच ‘विल’ म्हणून ओळखला जाऊ लागला. आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत १५४० च्या कायद्याने जमीनदारांना मृत्युपत्राने जमीन देण्याची मुभा मिळाली. ब्रिटिश राजवटीबरोबर ही संकल्पना मुंबई इलाख्यात आली. १८७० च्या हिंदू विल्स ॲक्टने मुंबई शहरातल्या हिंदूंच्या मृत्युपत्रांना कायद्याची चौकट दिली आणि १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने ते नियम सामावून घेतले. आज मराठी घरांत ‘बाबांनी विल केलंय’ असं सहज म्हटलं जातं. रावेन्नाच्या पोथीतल्या क्रियापदाचा हा भाऊबंद सांगलीच्या वकिलाच्या टेबलावर पोचला, तो असा.

इंग्लिशच्या रोजच्या बोलण्यातून मात्र ‘विल’मधली इच्छा ओसरत गेली. ‘मला जायचं आहे’ म्हणणारा माणूस बहुतेक वेळा जातोच. त्यामुळे इच्छेचं क्रियापद हळूहळू भविष्यकाळाचं चिन्ह बनलं. मध्ययुगीन इंग्लिशमध्ये हा बदल जोरात होता. सोबत ‘शॅल’ही होतं. त्याचा मूळ अर्थ ‘देणं लागणं’, आणि तेही भविष्याकडे सरकत होतं. दोघांची सीमा आखायचा प्रयत्न ऑक्सफर्डचा गणिती जॉन वॉलिस याने १६५३ मध्ये लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्लिश व्याकरणात केला. प्रथम पुरुषात नुसतं भाकीत करायचं तर ‘शॅल’, वचन द्यायचं किंवा निर्धार सांगायचा तर ‘विल’. द्वितीय-तृतीय पुरुषात नेमकं उलट. स्कॉटलंड-आयर्लंडमध्ये हा भेद कधी रुजलाच नाही, आणि त्यावरून तिथल्या लोकांची चेष्टाही खूप झाली. आपल्याकडे हा नियम रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणाच्या पुस्तकाने शाळाशाळांत पोचवला. यातले पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात काम केलेले. ‘आय शॅल, यू विल’ घोकणारी मराठी मुलं सतराव्या शतकातल्या एका इंग्रज गणितज्ञाचा नियम घोकत होती.

‘विल’ भविष्याच्या कामाला लागल्यावर इच्छेसाठी दुसरं क्रियापद हवं झालं. ते इंग्लिशला शत्रूकडून मिळालं.

८६५ मध्ये डॅनिश आक्रमकांचं मोठं सैन्य इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर उतरलं. पुढच्याच वर्षी यॉर्क पडलं. लढाया संपल्यावर त्यातले बरेच जण उत्तर आणि पूर्व इंग्लंडमध्ये शेती करू लागले, तिथेच त्यांनी लग्नं केली. त्यांची प्राचीन नॉर्स भाषा आणि स्थानिक इंग्लिश इतक्या जवळच्या होत्या की बाजारात, शेतावर माणसं एकमेकांचं बोलणं बऱ्यापैकी समजू शकत. या शेजारातून इंग्लिशला ‘टेक’, ‘एग’, ‘स्काय’, ‘विंडो’, ‘हजबंड’ आणि ‘दे’ हे सर्वनामसुद्धा मिळालं. याच वाटेने ‘वांटा’ आलं. नॉर्समध्ये त्याचा अर्थ ‘उणं असणं, कमी पडणं’ असा होता, इच्छेशी संबंध नव्हता. सन १२०० च्या सुमारास ते इंग्लिश लिखाणात दिसू लागतं, तेही याच उणिवेच्या अर्थाने.

उणिवेपासून इच्छेपर्यंत यायला ‘वाँट’ला जवळपास पाचशे वर्षं लागली. आधी ‘नाही’, मग ‘गरज आहे’, मग ‘हवं आहे’. इच्छेचा अर्थ ठळकपणे दिसू लागतो तो अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. म्हणूनच १६११ च्या इंग्लिश बायबलातल्या तेविसाव्या स्तोत्रात हे क्रियापद भेटतं तेव्हा आजचे वाचक गोंधळतात. तिथे अर्थ ‘मला काही हवं असणार नाही’ असा नसून ‘मला काही कमी पडणार नाही’ असा आहे. नामाने तर जुना अर्थ विसाव्या शतकातही सोडला नाही. १९४१ च्या जानेवारीत फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी चार स्वातंत्र्यांची मांडणी केली, त्यातलं एक ‘वाँट’पासूनचं स्वातंत्र्य. १९४२ मध्ये विल्यम बेव्हरिज यांनी ब्रिटनच्या सामाजिक सुरक्षेचा आराखडा मांडताना ज्या पाच राक्षसांशी लढायचं म्हटलं, त्यातला एक ‘वाँट’. दोन्ही ठिकाणी अर्थ एकच: माणसाकडे जगायला लागेल तेवढंही नसणं.

‘वांटा’ मूळ मुलखातही जिवंत आहे, आणि तिथलं त्याचं वागणं मराठी माणसाला चटकन कळेल. आइसलँडिकमध्ये ‘मिग वांतार’ म्हणजे ‘मला पाहिजे, माझ्याकडे नाही’. ‘मिग लाउंगार’ म्हणजे ‘मला इच्छा आहे’. ‘मिग’ हा ‘मी’ नव्हे; ती द्वितीया विभक्ती आहे. इच्छा करणारा इथे कर्ता म्हणून पुढे येत नाही, इच्छा त्याच्यापाशी येते. इंग्लिशमध्येही ‘वाँट’ सुरुवातीला असंच वापरत. कर्तृपद त्याला नंतर मिळालं. इंग्लिश मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्याला ही रचना समजावून घ्यावी लागते. मराठीत ‘मला पाहिजे’ हेच आपलं रोजचं बोलणं आहे. खुद्द ‘पाहिजे’ हेसुद्धा जुन्या मराठीतलं ‘पाहणे’चं कर्मणी रूप आहे, ‘करिजे’, ‘बोलिजे’ यांच्या पंगतीतलं. जे पाहिलं जातं, शोधलं जातं, ते ‘पाहिजे’.

आइसलँडमध्ये या ‘मिग’वरून विसाव्या शतकात मोठा वाद झाला. त्या भाषेत ‘मला वाटतं’, ‘मला आवडतं’, ‘मला थंडी वाजते’ अशा बहुतेक रचनांत अनुभव घेणारा माणूस चतुर्थी विभक्तीत येतो, ‘म्येर’ असा. मुलांनी या मोठ्या गटाचा नियम उचलला आणि ‘मिग लाउंगार’च्या जागी ‘म्येर लाउंगार’ म्हणू लागली. शिक्षकांनी त्याला थेट ‘चतुर्थीचा आजार’ असं नाव दिलं आणि वह्यांवर लाल शाई फिरवली. भाषाशास्त्रज्ञांनी पुढे ‘आजार’ हा शब्द टाळून ‘चतुर्थीकडचा कल’ असा सौम्य शब्द आणला. त्यात न्याय होता. मुलं भाषा बिघडवत नव्हती. भाषेतलाच एक मोठा नियम ती मागे राहिलेल्या दोन-चार क्रियापदांना लावत होती.

जर्मनीत ‘विल’ने इच्छेचा अर्थ सोडला नाही. भविष्यकाळासाठी तिथे ‘वेर्डेन’ आहे, त्यामुळे ‘इश विल’ म्हणजे आजही ‘मला हवंच आहे’. पण ते आता इतकं रोखठोक झालं आहे की दुकानात, हॉटेलात, पाहुण्यांच्या घरी लोक ते टाळतात. हट्ट करणाऱ्या मुलाला आई ‘इश विल’ऐवजी ‘इश म्योश्ट’ म्हणायला लावते. हे ‘म्योश्ट’ आलं ‘म्योगेन’पासून. त्याचा सर्वांत जुना अर्थ ‘शक्ती असणं, जमणं’; इंग्लिश ‘मे’ आणि ‘माइट’ त्याचे सगेसोयरे. जमण्यापासून ते आवडण्याकडे गेलं आणि त्याचं संकेतार्थी रूप ‘आवडलं असतं’ या अर्थाने इच्छेचं अदबशीर रूप झालं.

आणि इथे वुल्फिलाच्या आधी घडलेली गोष्ट पुन्हा घडताना दिसते. ‘म्योश्ट’ हे आता संकेतार्थी रूप म्हणून कुणी ऐकत नाही. ते ‘मला हवं आहे’ एवढंच सांगतं. परदेशी विद्यार्थ्यांच्या पाठ्यपुस्तकांत ते स्वतंत्र क्रियापदासारखं शिकवतात. बोलण्यात त्याचं ‘म्योश्टेन’ असं मूळ रूपही कानावर येतं. एक उणीव राहिली आहे: त्याला स्वतःचा भूतकाळ नाही. ‘आज मला कॉफी हवी आहे’ म्हणताना ‘म्योश्ट’, पण ‘काल हवी होती’ म्हणताना जुन्या ‘विल’चाच भूतकाळ ‘वोल्ट’ उसना घ्यावा लागतो.

बोलींमध्ये हे चित्र आणखी रंगतदार होतं. १८७६ मध्ये गेओर्ग वेंकर या जर्मन अभ्यासकाने ऱ्हाइन नदीकाठच्या शाळामास्तरांना काही वाक्यं पाठवली आणि ती आपल्या गावच्या बोलीत लिहून परत पाठवायला सांगितली. पुढे हा उपक्रम जर्मन साम्राज्यभर पसरला. वाक्यांची संख्या चाळीसवर स्थिरावली आणि चाळीस हजारांहून जास्त गावांतून उत्तरं आली. टपालखातं आणि गावोगावचे मास्तर यांच्या जोरावर एका माणसाने उभं केलेलं हे काम आजही थक्क करतं. त्या यादीतलं दहावं वाक्य ‘इश विल’नेच सुरू होतं, पुन्हा असं करणार नाही, अशी कबुली देणारं. ‘मी’साठी उत्तरेकडे ‘इक’ आणि दक्षिणेकडे ‘इश’, अशी सीमारेषा नकाशावर देशभर धावते, पण तिच्या दोन्ही बाजूंना ‘विल’ तेच राहतं.

आणखी दक्षिणेत गेलं की मात्र उच्चार आणि अर्थ दोन्ही हलतात. बव्हेरियात ‘ल’ विरघळून ‘इ वुइ’ होतं, ‘म्योश्ट’चं ‘मेख्ट’ होतं, आणि बिअर हवी का असं विचारताना थेट ‘म्योगेन’चं ‘मोग्स्ट’ वापरतात. तेच क्रियापद ‘तू मला आवडतेस’ म्हणायलाही चालतं. झुरिचमध्ये ‘इख वॉट’ म्हणजे ‘मला हवं’, ‘इख वेट’ म्हणजे ‘मला हवं होतं’, आणि अनेकवचनात ‘मिर वेंड’. बर्नमध्ये ‘आम्हाला हवं’ला ‘मिर वेइ’ म्हणतात. एका तासाच्या रेल्वेप्रवासाच्या अंतरात ‘आम्हाला हवं’ ओळखू येऊ नये इतकं बदलतं.

बाकीच्या भावंडांनीही आपापली सोय केली. स्वीडिशमध्ये नुसतं ‘कॉफी विल’ चालत नाही. ‘विल हा’, म्हणजे ‘असायला हवी’, असं म्हणावं लागतं. डॅनिशमध्ये ‘विल हे’, आणि अदबीसाठी मध्ये ‘गेर्न’, म्हणजे ‘आनंदाने’. हजारो मैल दूर दक्षिण आफ्रिकेत डचपासून घडलेल्या आफ्रिकान्सनेही तीच वाट धरली: तिथेही वस्तू मागताना ‘विल’सोबत ‘असणं’ हे क्रियापद लागतं. बहुतेक सगळी क्रियापदं भूतकाळाचं जुनं रूप गमावून बसलेल्या त्या भाषेत ‘विल’चा भूतकाळ ‘वाऊ’ मात्र तग धरून आहे. पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या यिडिशने तर दोन वेगळी क्रियापदं करून टाकली: इच्छेसाठी ‘इख विल’, भविष्यासाठी ‘इख वेल’. जे काम इंग्लिशला नॉर्समधून उसना शब्द आणून करावं लागलं, ते यिडिशने एका स्वराच्या फरकाने केलं.

आणि गहाळ प्रत्यय? तो एकेक घर मागे घेतो आहे. द्वितीय पुरुषात जर्मनने जुनं ‘दू विल्ट’ सोडून इतर क्रियापदांसारखं ‘दू विल्स्ट’ केव्हाच केलं. तृतीय पुरुषात मात्र जर्मन, इंग्लिश, फ्रिजियन, यिडिश सगळ्या अजून प्रत्ययाविना आहेत. फक्त डचमध्ये हा शेवटचा बुरूज हलतो आहे. प्रमाण डचमध्ये ‘त्याला हवं’ म्हणजे ‘हेइ विल’. पण नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये अनेक जण, विशेषतः तरुण, ‘हेइ विल्ट’ म्हणतात आणि लिहितात, इतर बहुतेक क्रियापदांना लागतो तो ‘ट’ जोडून. शिक्षक ते खोडतात, भाषा-सल्ला देणाऱ्या संस्था ते अप्रमाण ठरवतात. तरी दर पिढीत ते पुन्हा येतं, कारण बोलणाऱ्याच्या मनात ‘विल’ हे आता इच्छार्थी रूप उरलेलंच नाही, ते एक नेहमीचं क्रियापद आहे आणि नेहमीच्या क्रियापदाला डचमध्ये ‘ट’ लागतो.